डबा ज्याच्या घरी

पाचला वीस मिनिटं कमी होती आणि माणिकरावांच्या रेडिओवर त्यांचा शंभरावा देश बोलत होता. पॅसिफिक महासागरातलं हातरुमालाएवढं बेट. तिथला हौशी रेडिओवाला आपल्या पाचाच्या ठोक्याला संच गुंडाळून जहाजात बसणार होता. माणिकरावांचं नव्व्याण्णव देशांशी बोलून झालेलं. आता फक्त एक हाक मारायची होती, पण त्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. कारण डबा शेजारी होता.

त्याचं असं झालं. जळगाव जामोदच्या त्या गल्लीत एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन रेडिओ केंद्रं होती. इकडं निवृत्त विज्ञान शिक्षक माणिकराव, तिकडं निवृत्त स्टेशनमास्तर इंद्रभान. एकानं बोलायला सुरुवात केली की दुसऱ्याच्या कानात नुसती खरखर. फिल्टर लावून झाले, अँटेनाच्या तारा फिरवून झाल्या, भांडूनही झालं. शेवटी इंद्रभाननी रेल्वेचा तोडगा काढला.

"एकेरी लाइनीवर परवान्याचा गोळा ज्याच्या हाती, गाडी त्याचीच. हा स्टीलचा डबा म्हंजे आपला गोळा. डबा ज्याच्या घरी त्यानंच बोलाचं, दुसऱ्यानं निस्तं आयकाचं."

योजना झकास होती. तिच्यात दोन गृहिणी तेवढ्या धरलेल्या नव्हत्या. डबा पहिल्यांदा भिंतीवरून आला आणि माणिकरावांच्या बायकोच्या, बेबीताईंच्या, हाती लागला. शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा? त्यांनी शेंगदाण्याची चटणी भरली. इंद्रभानच्या सुभद्राबाईंनी उलट टपाली पातोड्या धाडल्या. मग मांडे, मग करंज्या. दोघी इरेलाच पेटल्या. महिन्याभरात दोन्ही नवऱ्यांची वजनं वाढली आणि बोलणी घटली.

आताही माणिकराव भिंतीशी धावले. "इंद्रभानजी, तुमचं झालं ना? डबा द्या लवकर!"

"माहं कवाच झालं!" आवाज स्वयंपाकघरातून आला. "डबा मंडळीनं अडवला!"

"रिकामा देऊ का भाऊजी?" सुभद्राबाई कडाडल्या. "बेबीताईनं काल एवढे मांडे धाडले. सांबारवड्या होऊन राह्यल्या, थांबा जरासं."

हा मुद्दाम केलेला खोळंबा आहे, अशी माणिकरावांची खात्री पटली. त्रेसष्टाव्या वर्षी ते भिंतीवर चढले, पायजमा फाडून घेऊन पलीकडं उतरले आणि तणतणत आत शिरले. बघतात तर स्टेशनमास्तर घामाघूम होऊन जमिनीवर बसलेले, पुढ्यात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ढीग. बिचारे तासभर चिरत होते.

"पायता काय? घ्या चाकू," इंद्रभान म्हणाले.

"सात मिनिटं राह्यली हो! डब्याबिगर बोलू का मी?"

"गोळ्याबिगर गाडी?" इंद्रभानचा हात थांबला. असा गुन्हा त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत होऊ दिला नव्हता. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण डबा तं याच घरी हाये! इथूनच बोला ना मंग!"

माणिकराव इंद्रभानच्या संचावर बसले. एकदा पुकारा केला, दोनदा केला. साऱ्या जगातून लोक त्याच बेटाला हाका मारत होते. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर त्यांचं तोंड निराशेनं उघडंच राहिलं, तेवढ्यात सुभद्राबाईंनी "मीठ बराबर हाये का पाहा" म्हणत कढईतली वडी त्यात कोंबली. आणि बेटानं माणिकरावांचंच नाव घेतलं!

माणिकरावांनी ती धगधगती वडी अख्खी गिळली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना त्यांनी उत्तर दिलं. गळा का दाटलाय, असं बेटानं काळजीनं विचारलं.

"आनंदानं," माणिकराव म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

भरलेला डबा मिरवत ते घरी आले. बेबीताईंनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि लगेच हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

"पुरणपोळीबिगर आता इज्जत नाही राहत आपली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीवर इंद्रभानचं डोकं उगवलं. "माणिकराव, आफ्रिकेतला एक देश लागला हो! माहा शंभरावा! अर्ध्या घंट्यात जाते तो. डबा द्या!"

माणिकरावांनी गॅसकडं पाहिलं. डाळीला अजून उकळीसुद्धा फुटली नव्हती.

"भिंतीवरून या," ते म्हणाले, "अन् येताना पुरणयंत्र घेऊन या."