वर्नच्या खिशातली काडतुसं

आमच्या गावात माझ्याइतकी नेमकी काडतुसं दुसरं कुणी भरत नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी अजून सांगितलेलं नाही.

लोक दुकानातून डबा आणतात, रायफलीत कोंबतात आणि हरणाच्या आसपासची झाडं मारतात. मी तसला नाही. माझ्या तळघरात टेबल आहे, टेबलावर वजनाचा काटा आहे, आणि तो इतका नाजूक आहे की जवळ उभं राहून नुसता उसासा टाकला तरी वजन बदलतं. प्रेमभंगानंतर तीन महिने मला एकही काडतूस भरता आलं नव्हतं!

यंदा आर्वोकाकाचा उजवा खांदा उघडून आत दोन स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, रायफल विसरा. काका म्हणाला, डॉक्टर विसरा. पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे हरणांचा मोसम उघडतो, आणि त्या दिवशी काका आणि त्याचा जिगरी दोस्त वर्न जंगलातल्या खोपटात असतात. एक्केचाळीस वर्षं!

"काइल," काका म्हणाला, "मला धक्का न मारणारी काडतुसं भरून दे."

"काका, उशीसारखी लागतील!"

"हरणाला?"

"तुला."

हलकं काडतूस म्हणजे बंदुकीची दारू कमी, गोळी हळू. हळू जाणारी गोळी कडक असली तर आरपार निघून जाते आणि हरीण दोन दिवस मरत बसतं. म्हणून आठवडाभर शोधून मी मऊ शिशाच्या टोकाची, आत शिरताच फुलणारी गोळी निवडली. काडतुसाच्या वीस रिकाम्या पितळी पुंगळ्या घासल्या. आपला माल ओळखू यावा म्हणून प्रत्येकीच्या बुडाला बहिणीची लाल नेलपॉलिश लावली.

राहिली दारू. या हलक्या कामाला ती इतकी थोडी लागते की पुंगळी अर्धीही भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा घातली तरी बाहेर सांडत नाही. आत मुकाट बसून राहते आणि रायफल फुटायची वाट बघते. म्हणून नियम असा, की सगळ्या पुंगळ्या भरून झाल्यावर टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचं, मगच गोळी बसवायची. हा नियम मी इतरांना शिकवतो.

अकराव्या पुंगळीला वर घरात फोन वाजला. वर्न गेला होता. हरणांच्या आमिषाची सफरचंदं पोत्यात भरता भरता, पोत्यावरच.

मी खाली आलो, डोळे पुसले आणि अकरावी भरली. किंवा अकरावी पुन्हा भरली. टॉर्च मारायचा राहिला. रडत असताना माणसाला टॉर्च मारावासा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी काकाला डबा पोचवला. आणि तिसऱ्या दिवशी, वर्नला निरोप द्यायच्या सकाळी, टेबल आवरताना दारूचा डबा काट्यावर ठेवला. पंचवीस मापं मोजून घेतली होती, वीस वापरली. उरायला हवीत पाच. उरली होती चार!

मी उसासा टाकला. काटा हलला. तरी चारच.

काटा काखोटीला मारून काकाकडे पळालो. डब्यात एकोणीस काडतुसं होती. स्वयंपाकघरात बसून एकोणीसही तोलली. सगळी निर्दोष.

"काका, विसावं कुठंय? वर्नच्या खिशात ठेवलंस?"

काका कोटाच्या बाहीशी झटापट करत होता. तोंड भिंतीकडे होतं.

"वर्नच्या खिशात ठेवलं ना एक," तो म्हणाला. "सगळेच ठेवतात."

ते खरंच होतं. आमच्याकडे शिकारी मेला की शवपेटीत त्याच्या खिशात दोस्त एकेक काडतूस ठेवतात. पलीकडे मोसम कधी उघडतो कुणाला ठाऊक! शंभर वर्षांत यामुळे कधी काही बिघडलं नाही, कारण शंभर वर्षं आम्ही माणसं पुरत होतो. पण वर्नची राख खोपटामागच्या दलदलीत टाकायची असं लेम्पीकाकूने, त्याच्या बायकोने, ठरवलं होतं. प्रार्थना अकराला. भट्टी दोनला.

माझं दुप्पट दारूचं काडतूस, भट्टीत!

चर्चमध्ये पेटी उघडी होती. आत वर्न, अंगात शिकारीचा नारिंगी कोट. रांगेत माझी पाळी आली. मी कपाळाचं चुंबन घ्यायला वाकल्यासारखं केलं आणि हात त्याच्या खिशात घातला. एक काडतूस लागलं. मग दुसरं. मग मूठभर! हात बाहेर काढायला गेलो तर माझी बाही त्याच्या कोटाच्या चेनमध्ये अडकली. मी ओढली. वर्न किंचित उठून बसला.

"अरे देवा!" मागून कुणीतरी म्हणालं. पास्टर थांबले. त्यांच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

मी घाबरून झटका दिला. वर्न परत आडवा झाला, नऊ काडतुसं फरशीवर सांडली, आणि त्यांच्यामागोमाग एक बाटली पडून फुटली. माजावर आलेल्या हरिणीचं मूत. नराला भुलवायला वापरतात. दोस्तांनी वर्नसाठी कसली म्हणून कमी ठेवली नव्हती! काडतुसं बाकांखाली घरंगळत राहिली. वास त्यांच्याहून पुढे गेला.

"काइल!" लेम्पीकाकू उभी राहिली. "मेलेल्या माणसाचे खिसे कापतोस?"

"काकू, दोनला भट्टी आहे."

"मग?"

"आणि ही काडतुसं आहेत."

सगळं चर्च विचार करू लागलं. विचार पूर्ण होताच अंत्यविधीवाला माणूस मटकन खुर्चीत बसला. पुरुषमंडळी आपापले बूट बघू लागली.

"मग त्याचा डावा मोजाही बघ," काकू म्हणाली.

"मोजा?"

"मीही एक ठेवलंय. रिकाम्या हाताने जाऊ देऊ होय त्याला?"

"टोपीत एक आहे," मागून आवाज आला.

"बुटात दोन. उजव्या."

"पाठीखाली चाचपून बघ रे, मी पाकीटच ठेवलं होतं."

एकूण एकोणतीस निघाली! या तयारीने वर्न भट्टीत गेला असता तर भट्टीच वर्नसोबत गेली असती. लोकांनी माझी पाठ थोपटली. अंत्यविधीवाल्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पास्टरनी नाक धरून देवाचे आभार मानले, त्यात माझं नाव घेतलं. मी मान खाली घातली. विनयाने नव्हे. खाली पडलेल्या काडतुसांत लाल बूड शोधत होतो.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी कोपऱ्यात बसून एकोणतीसच्या एकोणतीस उलटी करून पाहिली. लाल एकही नव्हतं.

घशात बटाटा अडकला. मान वर केली तर समोर काका. डाव्या हाताने जेवत होता. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ताटातला हॅम त्याला कापता येत नव्हता.

"काका, हाताला काय झालं?"

"काही नाही."

"लाल बुडाचं विसावं कुठंय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "वर्नला मी माझं जुनं दिलं. तुझं काल कुंपणापाशी उडवून पाहिलं."

"आणि?"

"तू म्हणाला होतास उशीसारखं. धक्क्याने मी चिखलात जाऊन बसलो, काइल. रायफलीचा बोल्ट अडकला तो हातोडीने उघडला. म्हटलं गंजला असेल, माझ्यासारखा." त्याने जेवणाचा काटा खाली ठेवला. "तू इतकं हलकं करून दिलंस, तेही झेपलं नाही मला. वर्न गेला, मीही संपलो. रायफल तू घेऊन जा. लेम्पीला एवढ्यात सांगू नकोस."

माझी पाठ अजून थोपटल्याने गरम होती. गप्प बसलो असतो तर कीर्तीही राहिली असती आणि रायफलही मिळाली असती. मी प्रामाणिकपणे सांगतो, बटाटा गिळेपर्यंत मी गप्प बसलो.

"काका, त्यात दुप्पट दारू होती. मी चुकलो. तुझं तोंड उडालं असतं."

"दुप्पट?"

"दुप्पट."

"म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही?"

"नाही. मी तुला मारत होतो."

काकाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो उठला आणि डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"लेम्पी! ऐकलंस का? या गाढवाने मला जवळजवळ ठार मारलं होतं!" नातू झाल्याची बातमीही माणूस इतक्या आनंदाने सांगत नाही.

पंधरा तारखेला काका खोपटाच्या खिडकीशी बसला. हातात लेम्पीकाकूने दिलेली वर्नची रायफल, आत दुकानातली काडतुसं. डाव्या खांद्यावरून त्याने तीन हरणं चुकवली आणि प्रत्येक वेळी वर्नच्या रिकाम्या खुर्चीला शिव्या घातल्या.

मीही होतो. मला बटाटे सोलायचं काम आहे. ते लेम्पीकाकू मोजून देते, आणि सोलून झाले की पातेल्यात टॉर्च मारून बघते.