सगुणाबाईसाहेबांनी थंड वाळवंटाची खिंड सर केली त्याची हकीकत

श्रीगजानन आणि कुलस्वामिनी उभयतांचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्या डोंगरांनी आम्हांस जिवंत परत पाठविले त्यांसही दुरून दंडवत घालून, हा मजकूर लिहावयास घेतला तो ऐसा जे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य प्रतिपदा, भौमवार. ते दिवशी समुद्रकाठच्या एका राज्याचे धनी श्रीमंत हैबतराव आणि त्यांच्या राणी सगुणाबाईसाहेब, उभयतांची स्वारी उत्तरेकडील थंड वाळवंट पाहावयास निघाली. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा, सबब लिहिले नाही. निघावयाचे कारण ऐसे जाहले, की लग्नास पस्तीस वर्षे जाहली, आणि दरसाल बाईसाहेब म्हणत, "यंदा कोठे तरी जाऊ," आणि दरसाल राव म्हणत, "पुढील साली नक्की," आणि मग कधी बंदराचा तंटा निघे, कधी दिवाण आजारी पडे, आणि काहीच निघाले नाही तरी रावांस दरबार सोडवत नसे. यंदा बाईसाहेबांनी विचारिलेच नाही. भर दरबारात येऊन बोलिल्या, "आम्ही मंगळवारी थंड वाळवंटात चालावयास जातो. विमानाची तिकिटे काढिली आहेत. गणपतीच्या आधी परत येऊ. आपणांस यावयाचे असेल तर यावे." रावांनी मिशीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "आमच्यावाचून तुम्ही जाल कशा?" आणि तेथेच हुकूम सोडिला, की ही सहल नव्हे, मोहीम आहे, त्या मुलखात सतरा हजार फुटांवर एक खिंड आहे ती राव जातीने पायी सर करतील, आणि त्याची बखर लिहावयास लेखकाने बरोबर यावे. तो लेखक म्हणजे हे लिहिणार. नाव सांगण्याजोगे नाही.

मग विमानातून उतरलो, तो मुलूख काय वर्णावा! डोंगर उघडे, गवताची काडी नाही, परंतु रंग किती! एक जांभळा, एक हळदीसारखा, एक भाजलेल्या विटेसारखा, आणि वर आभाळ इतके निळे की पाहणाराने दचकावे. उन्हात उभे राहावे तर कातडी भाजते आणि दोन पावले सावलीत सरावे तर दात वाजतात. आमचे दमट हवेचे कपडे, जे घरी तीन दिवस वाळत नाहीत, ते तेथे दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळले. तेथे वाटाडी म्हणून रिगझिन आंगमो नामे तिशीची बाई सामोरी आली, "जुले" म्हणोन रामराम केला, आणि उभयतांचे गळ्यांत पांढरी वस्त्रे घातली. तिने दहा वर्षे आमच्याकडील प्रवासी डोंगरांत हिंडविले होते, त्यामुळे मराठी चांगले बोले, आणि तेथील रीतीप्रमाणे आदराने प्रत्येकाचे नावापुढे 'ले' लावी. ती म्हणाली, "राव-ले, ताई-ले, येथे हवा पातळ आहे. दोन दिवस नुसते पडून राहा. पाणी प्या. जिना चढू नका." राव म्हणाले, "आम्ही मोहिमेस आलो, निजावयास नाही." बाईसाहेब मुकाट्याने पडून राहिल्या. राव मात्र दुसरे दिवशी सकाळी कोणास न सांगता बाहेर पडले आणि टेकडीवरच्या मठाच्या तीनशे पायऱ्या एका दमात चढून गेले, आणि मग वरच्या उंबऱ्यावर अर्धा प्रहर डोळे मिटून बसले. मठातील म्हाताऱ्या लामास वाटले की मोठा साधक आला आहे, त्याने चहा आणून दिला. परत आल्यावर बाईसाहेबांनी विचारिले, "डोके दुखते काय?" राव म्हणाले, "छे. टोपी घट्ट आहे." टोपी काढून ठेविली होती.

मग चालणे सुरू जाहले. सामान खेचरांवर, पुढे रिगझिन, मागे राव, त्यामागे बाईसाहेब आणि शेवटी लेखक धापा टाकीत. पहिला मुक्काम एका गावी जाहला. पन्नास घरांचे गाव, ओढ्याच्या पाण्यावर हिरवेगार, पिवळ्या जवाची शेते, जर्दाळूची झाडे, आणि चहूंकडे मैलोगणती उघडा खडक. तेथे डोल्कर आमा म्हणोन सत्तर वर्षांची घरधनीण होती, तिकडे आमा म्हणजे आई, तिच्या घरी उतरलो. तिने लोणी-मीठ घातलेला चहा दिला. राव एक घोट घेऊन म्हणाले, "हा चहा नव्हे, हे कालवण आहे," आणि बाईसाहेब तीन पेले प्याल्या. तेथून दोन दिवस चालून खिंडीच्या पायथ्याशी तंबू दिले. वाटेत निळसर मेंढरे कड्यावर उभी दिसली, आणि मांजराएवढे गुबगुबीत प्राणी बिळांतून उभे राहून आमच्याकडे ऐसे पाहत की जणू आम्हीच त्यांची करमणूक. बाईसाहेब प्रत्येक वळणावर थांबत आणि हसत. राव थांबत, परंतु हसत नसत.

पायथ्याच्या मुक्कामी सकाळी रिगझिनने बोटास लावावयाचे यंत्र आणिले, ज्याने अंगातील हवा मोजतात. बाईसाहेबांचे भरले पंच्याऐंशी, लेखकाचे चौऱ्याऐंशी, रावांचे सदुसष्ट. राव म्हणाले, "यंत्र बिघडले. लेखकाचा पक्ष घेते." दुसऱ्या बोटास लाविले, पासष्ट भरले. मग रिगझिनने जमिनीवर दोरी टाकिली आणि म्हणाली, "राव-ले, ह्या दोरीवरून सरळ चाला." राव चार पावले गेले, पाचवे भलतीकडे पडले, आणि ते मटकन खाली बसले. तरी म्हणाले, "बूट ढिले आहेत." तेव्हां बाईसाहेब गुडघे टेकून बूट पाहू लागल्या, तो डाव्या बुटाची नाडी उजव्या बुटाच्या नाडीस घट्ट बांधिलेली. स्वतः रावांनीच बांधिली होती, आणि त्यांस कळले नव्हते. रिगझिन हळूच बोलिली, "ताई-ले, आता चालत नेता येतील. उद्या उचलून न्यावे लागतील. परवाचे मी सांगत नाही." राव गरजले, "खिंड समोर दिसते आहे! येथून परत फिरलो तर दरबारास तोंड काय दाखवू?" बाईसाहेब नाडी सोडवीत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, "तोंड असले तर दाखवाल. चला." आणि राव उठले. पस्तीस वर्षांत बाईसाहेबांनी हुकूम दिला आणि रावांनी मानिला, ही गोष्ट लेखकाने प्रथम पाहिली.

मग रावांस खेचरावर बसवून उलट वाटेने उतरलो. वाटेत दोन वेळा ओकारी जाहली, आणि बाईसाहेब खेचराशेजारी चालत, एक हात रावांच्या पाठीस, सारी वाट. परंतु जसजसे खाली आलो तसतसा रावांचे तोंडावर रंग आला, आणि गाव दिसू लागले तो त्यांनी खेचराची चाल वाईट आहे ऐसी तक्रार केली, तेव्हां रिगझिन हसली आणि म्हणाली, "आता बरे आहेत." आमाने लसणीचे सूप पाजिले, दुसरे दिवशी यंत्रात अठ्ठ्याऐंशी भरले, आणि राव अंगणात उन्हाला खाटेवर पडले. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडी होती. आत आमा, बाईसाहेब आणि रिगझिन मटार सोलीत होत्या, आणि आमास मराठी येत नसे, सबब रिगझिन एकीचे बोलणे दुसरीस तिच्या भाषेत सांगत होती. आमाने विचारिले, "खिंड हुकली, वाईट वाटले?" बाईसाहेब म्हणाल्या, "वाटले. पण त्यांच्यापाशी बोलू नका." मग बोलिल्या, "चौथीत असता भूगोलाच्या पुस्तकात एक चित्र होते. उघडे डोंगर आणि मधे निळे तळे. बाईंनी विचारिले, येथे कोण जाणार? वर्गात मी एकटीने हात वर केला होता. खिंडीपलीकडे तैसेच तळे आहे म्हणतात. मागून मिळेना, म्हणोन यंदा न मागता निघाले होते. असो. ते बरे जाहले, हे पुष्कळ." रिगझिनने हे आमास सांगितलेच नाही. आमाही काही न विचारता मटार सोलू लागली. लेखक अंगणात होता. रावांचे डोळे मिटलेले होते, परंतु ते झोपले नव्हते, हे लेखकास पक्के ठाऊक.

दुपारी राव बाईसाहेबांस म्हणाले, "तुम्ही उद्या निघा. खिंड, तळे, सर्व पाहून या."

"आणि आपण?"

"आम्ही येथे राहू. आमा आहेत."

"मला आपण माहेरीसुद्धा एकटी पाठविली नाहीत. बरोबर दोन शिपाई असत."

रावांनी डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, "शिपायांस तेथे धाप लागेल. रिगझिन पुरे." बाईसाहेबांनी तोंडास पदर लाविला, हसू आले की रडू ते लेखकास दिसले नाही. मग लेखकाने हात जोडून विचारिले, "महाराज, बखर आपल्या मोहिमेची. मी कोणाबरोबर राहावे?" राव म्हणाले, "मोहीम जिकडे जाते तिकडे लेखणीने जावे. इतके तुम्हांस कळू नये?"

मग आम्ही तिघे एक खेचर घेऊन पुन्हा वर गेलो, आणि तिसरे दिवशी उजाडता खिंडीस लागलो. चढ उभा, पायांखाली नुसती घसरती खडी, आणि वीस पावले टाकावी तो छाती भात्यासारखी चाले. बाईसाहेब वीस पावले मोजीत आणि थांबत. दोन प्रहर ऐसे गेले. मग वारा सुटला, बर्फाचे बारीक कण तोंडावर सुयांसारखे बसू लागले, आणि बाईसाहेब एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मजकडून होत नाही. उगाच हट्ट केला. साठीची बाई मी." रिगझिनने घाई केली नाही, समजूतही घातली नाही. शेजारी बसली, थर्मास उघडला आणि म्हणाली, "खाली जायचे तर जाऊ, ताई-ले. त्यात लाज नाही. आधी पाणी प्या." बाईसाहेब पाणी प्याल्या, एक सुका जर्दाळू खाल्ला, त्याची बी खिशात टाकिली. मग उठल्या आणि म्हणाल्या, "आणखी वीस." ती वीस जाहली आणि आणखी वीस, आणि ऐसे करता करता अकस्मात चढ संपला. पुढे पताका फडफडत होत्या, लाल, हिरव्या, निळ्या, आणि पलीकडे खाली, उघड्या पिवळ्या डोंगरांमधे, तळे. त्या निळ्याला लेखकापाशी शब्द नाही. घरून आणिलेली चिवड्याची पिशवी वरच्या हवेने उशीसारखी तट्ट फुगली होती, ती त्याच क्षणी फाटकन फुटली, आणि रिगझिन आरोळी ठोकून म्हणाली, "की की सो सो! ल्हा ग्यालो!" म्हणजे देवांचा जय. बाईसाहेबांनीही तीच आरोळी इतक्या जोराने ठोकिली की खेचर बुजले. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि तैसाच धरून ठेविला, बराच वेळ. लेखकाने टिपून घ्यावे म्हणोन लेखणी काढिली, तो शाई गोठलेली. ठीकच जाहले; डोळेही स्वच्छ नव्हते. मग तळ्याकाठी एक मुक्काम करोन, पाण्यात पाय घालून, किंचाळून, परत फिरलो.

इकडे रावांचे वर्तमान आमाकडून, रिगझिनच्या तोंडून, मागाहून ऐकिले ते ऐसे. जवाची मळणी चालू होती. आमाने पहिलेच दिवशी रावांचे हाती काठी दिली आणि खळ्यावर जनावरांमागे फिरावयास लाविले. राव जनावरांस हुकूम सोडीत, "चला! फिरा! थांबा!" जनावरे ढिम्म. आमा खुणेने म्हणाली, ह्यांस हुकूम कळत नाही, गाणे कळते. मग रावांनी इकडे तिकडे पाहिले आणि आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी नांगर ओढताना म्हणतात ते गाणे म्हटले, आणि जनावरे गोल फिरू लागली. गावातील बाया हातची कामे टाकून खळ्याभोवती ऐकावयास जमल्या. राव तीन दिवस ते गात राहिले, आणि आवाज बसला.

आम्ही उतरलो तो राव गावाबाहेर अर्ध्या कोसावर, केसांत भुसा, हाती चहाची किटली घेऊन उभे. बाईसाहेबांचे नाकाचे साल निघालेले, ओठ फुटलेले, आणि त्या बोलू लागल्या. रावांचा आवाज बसलेला, त्यांस एवढेच बोलता येई, "मग?" बाईसाहेब सांगत, आणि राव म्हणत, "मग?" गाव आले, चहा जाहला, जेवण जाहले, तरी राव, "मग? मग काय जाहले?" कोणाचे बोलणे राव शेवटपर्यंत ऐकतात ऐसे दरबारी कोणी सांगितले असते तर लेखकाने मानिले नसते.

मग भाद्रपद शुद्ध द्वितीयेस स्वारी राज्यात परत आली. दिवाणांनी कमान उभी केली होती, तीवर रावांचे नाव आणि 'खिंडविजेते' ऐसी अक्षरे. राव कमानीखाली थांबले, वाचिले आणि म्हणाले, "नाव चुकले." दिवाण घाबरे होऊन म्हणाले, "महाराज, काना राहिला की मात्रा?" राव म्हणाले, "माणूस चुकला. आम्ही खिंडीवर पाऊलही ठेविले नाही. अर्ध्या वाटेवरून खेचरावर बसून परत आलो, आणि बुटाची नाडी आम्हांस बांधता येत नव्हती. ज्यांनी सर केली त्यांस विचारा." मग बाईसाहेब बैठकीवर बसल्या, आणि राव खाली सतरंजीवर दरबाऱ्यांत मांडी घालून बसले, आणि बाईसाहेबांनी सर्व हकीकत सांगितली. ताटे वाढलेली निवून गेली. कोणी उठले नाही.

सारांश, मोहीम दिवस सोळा. खिंड सर जाहली, सर करणार सगुणाबाईसाहेब. हैबतरावांकडून जवाचे खळे एक, पुरे मळून जाहले. माणूस, जनावर, कोणाची हानी नाही. पूर्वी त्या घरी राव बोलत आणि बाईसाहेब ऐकत, आता पाळीपाळीने. पाहिले ते आणि ऐकिले ते लिहिले, अधिक घातले नाही. येथे लेखणी थांबली.