उमरचाचांचा चीन

साठच्या दशकात दुबईत नवा माणूस उतरला की त्याचे गाववाले त्याला आधी बाजार दाखवत, मग सोन्याची दुकानं, मग बरा चहा कुठे मिळतो ती जागा. आमचे उमरचाचा त्याला चीन दाखवत.

मी थट्टा करत नाही. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की चाचा इस्त्रीचा सदरा घालून खाडीच्या अलीकडे, बर दुबईतल्या आमच्या घराच्या दारात उभे राहत आणि पुकारा करत, "यल्ला! चीनला कोण कोण येतंय? चहाच्या टायमाला परत!"

आणि लोक येत. सुट्टीचा दिवस, घरापासून लांब असलेले कारकून, करमणूक कसली नाही. नवे लोक भाबडेपणाने येत, जुने लोक नव्यांची फजिती बघायला येत.

चाचा माझ्या नवऱ्याच्या गावचे, दाभोळच्या खाडीकाठचे. उभी हयात त्यांनी आगबोटीवर आगवाला म्हणून काढली. म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा लोटायचा. वर समुद्र निळा आहे की काळा, हेही त्या माणसाला दिसत नाही. त्यामुळे बोट बंदराला लागली की चाचा पहिले उतरत आणि शेवटचे चढत. त्यांची बोट सारखी हाँगकाँगला जायची. तिथली चिनी वस्ती त्यांनी अशी पायाखाली घातली होती की डोळे बांधून सोडलं तरी देवळापाशी निघाले असते. पुढे कंबर गेली, बोट सुटली आणि पुतण्याने त्यांना दुबईत एका गोदामावर रखवालीला लावलं. राहायला आमच्या खालच्या खोलीत. मी तेव्हा एकट्या राहणाऱ्या लोकांना डबे पुरवत असे; त्यातला एक डबा चाचांचा.

"हाँगकाँग इंग्रजांचं आहे चाचा, चीन वेगळा," असं माझ्या नवऱ्याने एकदा सांगून बघितलं.

चाचा म्हणाले, "माणसं चिनी, देवळं चिनी, भूक चिनी. साहेब तेवढा इंग्रज. साहेब तर दुबईतपण इंग्रज आहे. मग ही काय विलायत झाली?"



सहलीची तऱ्हा अशी. चाचांच्या तोंडी एकच शब्द असायचा, "समजा." "समजा ही गल्ली नाही, चिन्यांचा बाजार आहे." "समजा हे घरांवरचे वारा ओढणारे मनोरे नाहीत, पागोडे आहेत." कोणी हसलं तर म्हणत, "हस, हस. समजायला पैसे लागत नाहीत, तरी तुला परवडत नाही."

पहिला मुक्काम खाडीजवळच्या हिंदूंच्या देवळाच्या गल्लीत. तिथे फुलं आणि उदबत्त्या विकत. चाचा तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना खोल श्वास घ्यायला लावत. "हाच वास! फक्त तिकडे उदबत्ती जिलबीसारखी गोल असते आणि छताला टांगतात. खालून चाललात की डोक्यावर राख पडते. दोन देव आहेत, एक लेखणीचा, एक तलवारीचा. एकाच गाभाऱ्यात बसतात. भांडण नाही, तंटा नाही." उदबत्तीवाला सेठ वैतागून म्हणायचा, "अरे चाचा, वास फुकट घेता, एखादा पुडा तरी घ्या!" चाचा म्हणत, "समजा, घेतला."

दुसरा मुक्काम पायऱ्यांचा. हाँगकाँगात म्हणे आख्खा रस्ताच पायऱ्यांचा आहे. दुबई तर पोळपाटासारखी सपाट. सगळा बर दुबई पालथा घालून चाचांनी एका गोदामाला तीन पायऱ्या आहेत असा शोध लावला होता. तिथे ते मंडळींना चढायला लावत, उतरायला लावत, परत चढायला लावत. "नजर सरळ, पाय हळू! अजून अर्धा रस्ता बाकी आहे!" माझ्याकडे डबा असलेला एक जाडजूड हिशेबनीस तिथेच बसला आणि म्हणाला, "मला चीनमध्येच सोडा, तुम्ही पुढे व्हा."

मग अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत बसून खाडीपलीकडच्या देऱ्याला. हाँगकाँगलाही असंच, बेटावरून पलीकडे होडीने जायचं. खाडीच्या मध्यावर चाचा ओरडत, "आता सगळ्यांनी उजवीकडे बघा!" सगळे एकदम उजवीकडे झुकत, होडी कलंडायला होई आणि नावाडी किंचाळे, "हबीबी, उधर क्या है? पानी है! बैठो!"

पलीकडे उतरलं की तिकडच्या धक्क्यावर मोठं घड्याळ आहे, ते समजायचं. बरेच दिवस ते नुसतं समजावंच लागलं. मग दुबईवाल्यांनी देऱ्यात खरोखरच घड्याळाचा मनोरा बांधायला काढला. त्या दिवशी चाचा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की जणू शेखने त्यांना विचारून पाया घातला. "बघितलंस, झुबेदा? बांधतायत! थोडं थोडं करून आणतायत सगळं."

शेवटचा मुक्काम शिखर. हाँगकाँगला एक उंच डोंगर आहे, त्यावर भिंतीवरच्या पालीसारखी सरळ चढणारी गाडी जाते, आणि वरून सगळं बंदर दिसतं. दुबईत डोंगर कुठला? म्हणून शिखर म्हणजे माझी गच्ची.

इथे माझा आणि चाचांचा वाद. माझ्या गच्चीवर डब्यांच्या फडक्यांपासून चादरींपर्यंत सगळं वाळत असे, शिवाय मीठ लावलेले बांगडे. त्यातून पंधरा माणसं चपला घालून फिरणार! मी एकदा स्पष्ट सांगितलं, "चाचा, तुमच्या चीनमध्ये माझे बांगडे तुडवले जातात."

"समजा, चिन्यांनी खाल्ले."

"पुढच्या शुक्रवारी तुमच्या डब्यातून कमी करीन, मग समजा."

तरी मी अडवलं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तीन पायऱ्यांवर अर्धा तास बोलणारा हा माणूस शिखरावर आला की गप्प होई. लोकांना कठड्याशी उभं करी, स्वतः खाडीकडे पाठ करून जिन्यापाशी थांबे आणि म्हणे, "हे शिखर. बघा. बघितलं? खलास, उतरा." सगळ्यांत आधी स्वतःच उतरे. मी धरून चालले की एव्हाना त्यांची कंबर बोलायला लागत असेल आणि माझा चहा खुणावत असेल.

बाकी चीनचं काही त्यांना विसरायला झालं नव्हतं. त्याचं कारण गावी होतं, सकिनाचाची. लग्न झालं त्या वर्षी चाचांनी हाँगकाँगहून तिच्यासाठी कागदी पंखा आणला होता. पंख्यावर डोंगर काढलेला. चाचीने विचारलं, "हा कुठला?" नवा नवरा छाती फुगवून म्हणाला, "तुला नेऊन दाखवीन." आगवाल्याने बायकोला हाँगकाँगला कसं न्यावं? पण बोलून गेले. मग दर सुट्टीत घरी आले की तिला नेण्याऐवजी तोंडी फिरवून आणत. चाचांनी हे मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि प्रत्येक सहलीच्या शेवटी चहा पिताना म्हणत, "ही तर रंगीत तालीम. आमची येईल तेव्हा खरी सहल."

चाची काही यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधी सासू अंथरुणाला होती, मग मुलींची बाळंतपणं, मग आंब्याची कलमं. आणि एके दिवशी गावाहून आलेल्या माणसाने सांगितलं की पुतण्याची बायकामुलं पुढच्या बोटीने येतायत आणि चाची बरोबर आहे.

चाचांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं उड्या मारतील. ते डबा न उघडता बसून राहिले.

"काय झालं? येतायत ना?"

"येतेय गो. पण तिला चीन सांगितलाय. आणि हितं काय आहे? तीन पायऱ्या. ती हसेल, झुबेदा. तुमचं हसणं चालतं, तुम्ही परकी माणसं. ती हसली तर इतक्या वर्षांचं सगळं खोटं ठरेल."

"मग नका दाखवू. बाजार दाखवा, बांगड्या घ्या."

"दाखवीन म्हटलंय," चाचा म्हणाले. मग हळूच, "त्या दिवशी तेवढे बांगडे..."

"काढीन," मी म्हटलं.

चाची उतरली ती किडकिडीत, ताठ, नाकात चमकी आणि हातात तो पंखा. कागद विटून गेला होता, काड्या दोऱ्याने बांधलेल्या. पंख्याने वारा घेत तिने माझं घर, माझी भांडी आणि माझ्या नवऱ्याचं सुटलेलं पोट, सगळं एका नजरेत तपासलं.

शुक्रवारी सहल निघाली. आगंतुकांना मी दम देऊन घरी बसवलं होतं, पण चाचांना उन्हाचा त्रास होतो म्हणून पाण्याची बाटली घेऊन मी बरोबर गेले. कुतूहल नव्हतं असं म्हणणार नाही.

देवळाच्या गल्लीत चाचांनी तोंडावर बोट ठेवलं. "समजा, इथे..."

"उदबत्त्या जिलबीसारख्या," चाची म्हणाली. "राख डोक्यावर पडते. दोन देव, भांडत नाहीत. चला पुढं."

चाचा गडबडले. तीन पायऱ्यांपाशी त्यांनी चढायला सांगितलं. चाची चढली, उतरली, आणि उभी राहिली.

"परत चढ ना. रस्ता लांब आहे."

"एकदा चढले. समजा, शंभरदा."

मी पाण्याची बाटली तोंडाला लावून हसू आवरलं. देऱ्याच्या घड्याळापाशी तर तिने त्यांची चूकच काढली. "हे रस्त्यात कसं? तुम्ही पाण्याच्या काठाला सांगितलं होतं. आणि जवळ आगगाडीचं ठेसन." चाचा म्हणाले, "पाणी थोडं लांब राहिलं गो." पण हसली ती एकदाही नव्हती. परतीच्या अब्र्यात चाचांनी कुणाला उजवीकडे बघायला सांगितलं नाही. आता एकच मुक्काम उरला होता.

घरी आल्यावर मी आधी वर गेले. बांगडे काढले होते, चादरी राहिल्या होत्या. मी त्यांच्यामागे घड्या घालत असतानाच दोघं चढून आली. मी लपले नव्हते. चादरी मोठ्या होत्या.

"हेच शिखर?" चाचीचा आवाज.

"हेच."

"मग सांगा."

चाचांच्या चपला जिन्याकडे वळल्याचं ऐकू आलं.

"देवळाचं सांगता, घड्याळाचं सांगता. वरचं कधीच सांगितलं नाहीत. घरी पण नाही. वरून काय दिसतं?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"वर गेलोच नाही कधी."

"अहो, इतक्या वेळा त्या बंदराला लागलात!"

"गाडीपर्यंत जायचो. दर वेळी. रांगेत उभा राहायचो, नंबर आला की बाहेर निघायचो. तुला दाखवीन म्हटलं होतं ना. मी आधी बघून आलो असतो, तर तुला नुसतं दाखवलं असतं. दोघांनी मिळून बघायचं काही राहिलंच नसतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हा माणूस इतके शुक्रवार माझ्या गच्चीवर खाडीकडे पाठ करून का उभा राहायचा. कंबर नव्हती ती. चहाही नव्हता.

आता चाची रडणार असं मला वाटलं.

"येडे आहात," ती म्हणाली. "सरका जरा. कठड्याशी येऊ द्या मला."

चाचा सरकले असावेत. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "समजा, हे पाणी..."

"समजायचं कशाला? दिसतंय ना."

मग बराच वेळ दोघांचं चाललं होतं. ती गलबतं बघा किती दाटीने लागलीत. तो धूर कसला? अगो, तो मनोरा बघ, त्याच्यावर पक्षी बसलेत. चाचांचा आवाज नव्या उतरलेल्या पोरासारखा झाला होता. सात वर्षं याच घरात राहत होते.

मी डोकावून बघितलं, तर कठड्यालगतच्या दोरीवरची माझी एक चादर त्यांच्या आणि देऱ्याच्या मधोमध येत होती. चाची मान वाकडी करून तिच्याखालून बघत होती आणि मधूनच पंख्याने ती बाजूला सारत होती. मी पुढे झाले, ओली चादर उचलली, दोरीची गाठ सोडली आणि रात्रीचे डबे भरायला खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून दोरी जिन्याच्या बाजूला बांधली. तिकडे भिंतीची सावली येते, कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो. चाची पावसाळ्याच्या तोंडावर कलमं बघायला परत गेली, तरी मी दोरी हलवली नाही. नवरा एकदोनदा म्हणाला, दोरी जिथे होती तिथेच बरी होती. मी म्हटलं, तिथे शिखर आहे.