टेंबेकाकांचा हुजूर

आमच्या शेजारच्या टेंबेकाकांना 'कसे आहात?' असं विचारायची सोय नव्हती. ते म्हणायचे, "मी ठीक आहे गं. पण तो अजून जिवंत आहे!"

आम्ही अमेरिकेत कॅरी गावात नवीन घर घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी मी हे ऐकलं आणि दचकले. लसणाची चटणी घेऊन दारात आलेला म्हातारा कुणाच्या तरी मरणाची वाट बघतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? 'तो' म्हणजे इंग्लंडातल्या हुजूर पक्षाचा एक पुढारी. काका त्याला नुसतं 'हुजूर' म्हणत. नाव घेतलं तर चूळ भरावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

भांडण पन्नासएक वर्षांपूर्वीचं. काका तेव्हा इंग्लंडात इंजिनिअर होते. भारतात लग्न करून परतले आणि मागाहून निर्मलाकाकू लंडनला उतरल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना लग्नच खोटं वाटलं. नव्या नवरीला त्यांनी दिवसभर बाकावर बसवलं आणि संध्याकाळच्या विमानानं परत पाठवलं. काका बाहेर हार घेऊन उभे! हुजूर तेव्हा गृहखात्यात उपमंत्री होता. 'जे झालं ते नियमानुसारच झालं,' असं त्यानं पार्लमेंटात सांगितलं. काकांनी तो देश सोडला, अमेरिकेत आले, काकूंना इथे आणून संसार थाटला. हुजुराला मात्र सोडलं नाही. "एकदा तिला सॉरी म्हण आणि मग खुशाल मर," एवढीच त्यांची मागणी.

त्यानंतर हुजुराची कारकीर्द आणि काकांचं ब्लडप्रेशर जोडीनं चढत गेलं. तो मंत्री झाला, काकांनी जेवता जेवता ताट आपटलं. तो निवडणूक हरला, काकांनी ऑफिसात पेढे वाटले. एका मराठी सहकाऱ्यानं विचारलं, "मुलगा झाला?" काका म्हणाले, "त्याहून छान. तो पडला!" पण हुजूर पोटनिवडणुकीतून परत आला, 'सर' झाला आणि शेवटी लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात जाऊन बसला.

"बसतो कसला? झोपतो!" काका कडाडायचे. "डुलक्या काढायचा भत्ता घेतो लेकाचा!"

काकू हसून म्हणायच्या, "अहो, मला आता ते बाकसुद्धा आठवत नाही. पुरे करा."

"तू माफ केलंस, तो तुझा प्रश्न. मी केलेलं नाही."

काकू गेल्या आणि हा प्रकार फारच वाढला. खरं सांगते, मला काकांचा भयंकर राग यायचा. माझ्या मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी होती. वडीलधारे म्हणून मी माइक काकांच्या हातात दिला. त्यांनी 'यशस्वी हो' म्हटलं आणि लगेच हुजुराला लॉर्ड कुणी आणि का केलं यावर घसरले. तिकडे आइस्क्रीमचं पाणी झालं. आमच्या अमेरिकन शेजाऱ्यांना वाटलं, हा आशीर्वादाचाच विधी असणार. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"काका, आज माझ्या मुलाचा दिवस होता!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "एकदाचं सोडा ना त्या माणसाला!"

"सोडतो की. सॉरी म्हणू दे."

"आई, चिल," मुलगा म्हणाला. "ही इज हिलॅरियस."

त्याला हिलॅरियस वाटत होतं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुढे महिनाभर मी काकांकडे फिरकले नाही.

मग एका सकाळी त्यांच्या लेकीचा, अनघाचा, सनीव्हेलहून फोन आला. "ताई, न्यूज वाचलीस? हुजूर गेला. बाबा फोन उचलत नाहीयेत. प्लीज जरा चेक करशील?"

मी बातमी उघडली. 'सौजन्यमूर्ती', 'कुणाशीही वैर नसलेला नेता' असलं काहीबाही लिहिलं होतं. वैर नाही? आमच्या गल्लीत या म्हणावं! काकांवरचा जुना राग मनात होताच, तरी मी तशीच त्यांच्याकडे गेले.

काकांनी दार उघडलं. केसांतून पाणी गळत होतं, खांद्यावर टॉवेल होता.

"डोक्यावरून आंघोळ केली," ते म्हणाले.

नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की आपण करतो, तशी. मला काही कळेचना. "काका, त्याच्यासाठी? तो तुमचा कोण लागत होता?"

"कोण लागत होता म्हणजे?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "सॉरी न म्हणता गेला! पळपुटा लेकाचा!"

मग ते खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "निर्मला गेल्यावर तिच्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं गं माझ्याकडे. त्याच्याशी भांडायचं. आता मी तिच्यासाठी काय करू?"

मी टॉवेल घेऊन त्यांचे केस पुसत राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या न पाहिलेल्या, मेलेल्या माणसाचा सणसणून राग आला. एक शब्द बोलायला काय जात होतं त्याच्या बापाचं?