मांडीवरचं खापर

विमानात आमचे भिकानाना मांडीवर खापर घेऊन बसले होते. मांडे भाजायचं मातीचं खापर, चांगलं घमेल्याएवढं. हवाईसुंदरी दोनदा येऊन गोड आवाजात म्हणाली, "सर, हे वर ठेवा." नाना मला म्हणाले, "तिले सांग, खापर वर ठेवत नईत. चूलवर ठेवतस." मी काय सांगणार, कपाळ! शेवटी तिनेच हात टेकले आणि नानांच्या पट्ट्यात खापरही बांधून दिलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याचा, वायरिंगच्या कामावर. नाना धरणगावचे, क्रेन चालवायचे. मस्कतला आम्ही एकाच खोलीत राहायचो. हे तिसरं खापर. पहिलं सामानात फुटलं, दुसऱ्यावर टॅक्सीत आमचा एक केरळी मित्र बसला. दर सुट्टीवरून लोक लोणची-पापड आणत, हा बाबा खापर आणायचा.

खोलीत एसी होता, फ्रीज होता, रोज कोंबडी होती. नानांचं पालुपद एकच: "बठ्ठं शे, पन काय कामनं?" म्हणजे सगळं आहे, पण काय कामाचं? एसी सुरू केला की हेच, थंडगार पेप्सी हातात दिली तरी हेच. एकदा मालकाने खूश होऊन मनगटी घड्याळ बक्षीस दिलं. नानांनी ते उलटसुलट पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हेच वाक्य टाकलं. मालकाला वाटलं, आभार मानतोय.

मग आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि मायलेकी मिळून खापरावर पुरणाचे मांडे करतात. नानांना सुट्टी नाकारली. मला मात्र बहिणीच्या लग्नासाठी मिळाली होती.

मी निघायच्या दिवशी सकाळी नानांनी खोलीमागे पत्र्याचा डबा कापून चूल मांडली, खापर पालथं घातलं आणि बाह्या सरसावल्या. मला वाटलं, हा गडी आता फजिती करून घेणार. मांडा करणं म्हणजे काय चेष्टा आहे? गावाकडच्या बायकाही सगळ्याच धजत नाहीत. पण नानांनी पुरण भरलेला उंडा उचलला आणि या हातावरून त्या हातावर टाकायला सुरुवात केली. उंडा पसरत मनगटावर आला, मनगटावरून कोपरापर्यंत गेला, धोतराच्या पानासारखा पातळ झाला, आणि कुठे फाटला म्हणून नाही. क्रेनचे दांडे ओढून ओढून राठ झालेले ते हात! मी तर तोंडाचा आ वासून उभा राहिलो.

"नाना, हे शिकलात कुठे?"

"मायकडथून. मना आगोदरन्या पोरी जगन्या नईत, म्हनीसन तर मनं नाव भिका ठेवं." गावातली पोरं भिकाबाई म्हणून चिडवायची, तरी दर आखाजीला ते लेकीच्या जागी मायजवळ मांडे करायला बसायचे.

मांडे झाले. मी ताट घेऊन सज्ज. खापरावरून काढताना एक फाटला तो नानांनी मला दिला, स्वतः एकही खाल्ला नाही, आणि बाकीचे सगळे धुतलेल्या पंच्यात बांधले.

"मायना हात आते थरथरतस. दोन वरीस तिनी मांडा खादा नई. तू पयले धरणगावले जाय, मंग धुळ्याले."

म्हणजे खाण्यासाठी हा खटाटोप नव्हताच. तीन खापरं, एक विमान, आणि माल निघाला उलट्या दिशेला. त्या माणसासमोर मला फार लहान वाटलं.

बरोबर आखाजीला मी धरणगावात पोचलो. नानांनी बांधलेलं पक्कं घर, आत फ्रीज, त्यावर विणलेलं आच्छादन, टेपरेकॉर्डर, पंखा. माय एकटीच ओट्यावर बसली होती. गल्लीत झोक्यांवर पोरी गात होत्या.

"घर झकास झालं, माय," मी म्हणालो.

"बठ्ठं शे भाऊ," ती म्हणाली, "पन काय कामनं?"

पालुपद या ओट्यावरचं होतं तर.

मी पंचा सोडला. मायने एक मांडा थरथरत्या हातांनी उचलून उजेडाला धरला, आरपार पाहिलं. "पातळ शे," एवढंच म्हणाली. मग आत जाऊन दोन ताटं घेऊन आली. मला वाटलं, दुसरं माझ्यासाठी. मी पाय धुवायला उठलो.

तिने मांडा मोडला, अर्धा आपल्या ताटात घेतला आणि अर्धा दुसऱ्या ताटात ठेवून ते ताट शेजारच्या रिकाम्या पाटासमोर सरकवलं.

"हाऊ वाटा भिकाना," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.