सातव्या खांबावरचे यंत्र

डोक्याच्या वर जे जे बसवलेले असते ते सरकारी असते, असे समजून चालणारा समाज सुखी असतो. आमचे मानपाडा त्या अर्थाने फार सुखी गाव होते. १९५४ साली डोंबिवलीहून येणाऱ्या रस्त्यावर विजेचे अकरा खांब उभे राहिले. तारा पुढच्या वर्षी येणार होत्या. (पुढचे वर्ष दोनदा येऊन गेले.) तरी खांबांच्या भरवशावर लोकांनी कंदिलाच्या काचा पुसायचे सोडले होते. प्रगती म्हणतात ती हीच.

छप्पनच्या मार्चात एका सोमवारी सातव्या खांबाच्या शेंड्याला एक अनोळखी यंत्र दिसले. वर्णन समितीच्या वहीतून जसेच्या तसे देतो:

"मध्ये एक दांडा. दांड्याला चोहोबाजूंनी लोखंडी काड्या, संख्या आठ. काड्यांना पत्र्याची झाकणे टांगलेली. दांड्याखाली एक डबा, आत काहीतरी. डब्यापासून एक दोरी खाली येते. दोरीच्या टोकाशी एक बाई बसते."

समिती त्याच दुपारी स्थापन झाली होती. अध्यक्ष त्र्यंबकराव, मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कोणताही प्रश्न न सोडवता तीस वर्षे कसा सांभाळावा हे त्यांना ठाऊक होते. सभासद विश्रामशेठ दुकानदार. गावातला एकुलता एक रेडिओ त्यांचा, म्हणून आकाशातल्या लहरी त्यांच्याच खात्यात येत. चिटणीस मी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकून मला वर्षच झाले होते, आणि माझे अक्षर गावात सर्वांत ताजे होते.

"हे एरियल आहे," विश्रामशेठ म्हणाले. "माझ्या रेडिओत कालपासून खरखर आहे."

"खरखर गणपतीपासून आहे," मी म्हणालो.

"ती वेगळी खरखर होती."

यावर ती बाई बोलली. ही रंगूबाई, त्या खांबाखाली टोपलीत सुकट-बोंबील घेऊन बसणारी. "अवो, यंतर कसला? ह्यांनी बांधलंय ते!"

त्र्यंबकरावांनी मला लिहायची खूण केली. "ह्यांनी म्हणजे कोणी? नाव घ्या."

"अगो बाय! नवऱ्याचं नाव कसं घेऊ चारचौघांत?"

"मग लिहा, चिटणीस. निनावी माहिती. ग्राह्य नाही."

(रंगूबाईचा नवरा मारुती, हे तिघांनाही ठाऊक होते. तो पूर्वी ताडी काढायचा. दारूबंदी आल्यापासून त्याला चढायला नुसते खांब उरले होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि वहीत असणे वेगळे. हा फरक मी समितीतच शिकलो. मारुती त्या पंधरवड्यात खडवलीकडे मजुरीला गेला होता, म्हणजे साक्षीदार गैरहजर.)

पहिला ठराव सुरक्षिततेचा झाला. खांबाभोवती वीस पावलांवर चुन्याचे रिंगण ओढले आणि रंगूबाईला टोपलीसकट बाहेर बसवले. दोरी ही जमिनीत वीज सोडायची तार असावी असे ठरले, म्हणून तिला हात लावण्यास मनाई केली. दोरी काथ्याची होती. पण खांबात वीज तरी कुठे होती? दोन्ही बाबी एकमेकींना धरूनच होत्या.

मग निरीक्षण सुरू झाले. विश्रामशेठ कावळे मोजत. सोमवारी यंत्राभोवती कावळे तीन, गुरुवारी अठरा, शनिवारी एक्केचाळीस. (कावळे एकसारखे दिसतात, काही दोनदा मोजले गेले असतील, सरासरीत फरक पडत नाही.) अनुमान असे निघाले की यंत्र कावळ्यांना खेचून घेते. वस्तुतः कावळे रंगूबाईच्या टोपलीकडे येत होते. ती एका बाजूने सुपाने हाकायची, तोवर दुसऱ्या बाजूने बोंबील जायचा. त्या आठवड्यात तिच्या घरी रोज भाताबरोबर नुसते मीठ होते, असे ऐकिवात आले. ऐकीव म्हणून नोंदले नाही.

रविवारी तिने पुन्हा सांगून पाहिले. "दादा, तुमी तरी लिवा ना!"

"नाव?" मी विचारले. ती सूप घेऊन कावळ्यांकडे वळली. मी पेनचे टोपण लावले. नियम माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनी केला होता.

नवव्या दिवशी समिती रिंगणाच्या काठावर उभी राहून तालुक्याला पाठवायच्या अर्जाचा मायना ठरवत होती. 'मेहेरबान' लिहावे की 'माननीय', यावर तासभर झाला होता. तेवढ्यात एक कावळा रंगूबाईच्या टोपलीतला शेवटचा चांगला बोंबील घेऊन अध्यक्षांच्या टोपीवर बसला. रंगूबाई उठली. चुना तुडवत सरळ खांबाशी गेली, दोरी धरली, पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाली:

"काड्या राहिल्या छत्रीच्या, कापड नेलं वाऱ्यानं,
मारुतीचं नाव घेते, बोंबील खाल्ले कावल्यानं!"

आणि दोरी ओढली.

डब्यातले खडे खडखडले, झाकणे झणझणली, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कावळे उडाले. त्यांच्या आधी समिती उडाली होती. मी मागे राहिलो, गुडघ्यामुळे.

त्र्यंबकराव विहिरीपलीकडून ओरडले, "नाव घेतलं का?"

"घेतलं! उखाण्यात!"

"चालेल! पद्यातली साक्ष म्हणून लिहा!"

असे सत्य बाहेर आले. अहवालात नोंद आहे: "समितीच्या नऊ दिवसांच्या अथक चौकशीने यंत्राची ओळख पटली. मोडकी छत्री, कावळे हाकण्याची. कार्यवाही: रिंगण पुसावे." रंगूबाई आपल्या जागी परतली. टोपलीत तेव्हा डोकी आणि शेपट्या होत्या, त्या तिने तशाच मांडल्या.

तुम्ही म्हणाल, आम्हाला तर दोरी वाचूनच कळले होते. कळलेच असेल. तुम्ही शिकलेले आहात, आणि बाईने पहिल्याच बैठकीत तुमच्यासमोर स्वच्छ सांगितलेही होते. पण मग पुढचे आठ दिवस ती चुन्याबाहेर बसून सूप हलवत होती, तेव्हा तुम्हीही काही बोलला नाहीत. हसत होता.

समितीत एक जागा रिकामी आहे. नाव कळवा.