नियम सात आणि नाताचा पाय

तोरेसाल्दा गावात शोकधून रचायला कुणालाही मनाई नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गावाची उगाच बदनामी व्हायची. ज्याला रचायची त्याने रचावी, घरात बसून वाजवावी, शेजारी भिंतीवर बुक्के मारायला लागले की थांबावं. फक्त गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत, दुःखी मातेच्या मूर्तीपुढे, बँडने काय वाजवायचं हे मिरवणूक समिती ठरवत असे. आणि ज्या धुनेवर मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं डुलत चालली नाहीत, तिला त्या गावात कुणी धून म्हणत नसे.

सावेरिओ गावचा न्हावी. दाढ्या करून उरलेल्या वेळात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. संगीत कुठे शिकला नव्हता. दुकानातल्या खुर्चीमागे उभं राहून जेवढं कानात शिरलं तेवढंच. त्याचं घर दुकानाच्या वर. एकतीस वर्षं त्याने गिऱ्हाइकांच्या गालांवर वस्तरा फिरवला तो डोक्यावरच्या छतातून येणाऱ्या तालावर. त्याची बायको इंकोरोनाता, सगळ्यांची नाता, एका पायाने लंगडायची. ठक्. मग जरा थांबून सर्रर्र. ठक्... सर्रर्र. गावात तिला "लंगडी" म्हणत. पाठीमागे म्हणायची सभ्यताही फार थोड्यांकडे होती.

"तुझ्या क्लॅरिनेटपेक्षा माझा पाय सुरात आहे," ती जिन्यातून ओरडायची.

नाता गेली आणि छत गप्प झालं. तीन महिने सावेरिओच्या हातून गिऱ्हाइकांचे गाल कापले गेले. मग एका सकाळी गावच्या पाववाल्याची, बियाजोची, अर्धी दाढी झाली असताना त्याने वस्तरा ठेवला आणि वस्तऱ्याचा फेस पुसायच्या कागदावर काहीतरी खरडलं.

"अरे, उरलेली अर्धी कोण करणार?" बियाजो म्हणाला. तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा.

"गप. ठक् सापडलं. सर्रर्र सापडत नाहीये."

सर्रर्र सापडायला हिवाळा गेला. खोडलं, लिहिलं, परत खोडलं. पहिली चाल फार रडकी झाली. नाताने ती ऐकून नाक मुरडलं असतं, म्हणून चुलीत घातली. शेवटी एक अडखळती, हट्टी धून उभी राहिली. तिला प्रत्येक पावलाला पडायची भीती वाटायची आणि ती पडायची मात्र नाही. सावेरिओला एवढंच हवं होतं: मिरवणूक त्याच्या खिडकीखाली आली की रिवाजाप्रमाणे बँडप्रमुखाने ओरडून सांगावं, ही धून इंकोरोनाताच्या आठवणीत. एकदाच.

समितीचे अध्यक्ष कोराडिनो म्हणजे गावचे औषधवाले. त्यांनी अर्ज वाचला आणि कौतुकाने मान डोलावली.

"नियम सात बघ, मास्तर. मिरवणुकीत नव्या धुनांचं स्वागत आहे. मात्र धून पारंपरिक असावी. पारंपरिक म्हणजे मिरवणुकीत सलग पन्नास वर्षं वाजलेली."

"म्हणजे नवी धून आधीच पन्नास वर्षं वाजलेली हवी?"

"बरोबर समजलास. लोकांना उगाच अवघड वाटतं."

"पण पहिल्यांदा वाजल्याशिवाय ती पन्नास वर्षं वाजणार कशी?"

"तेवढ्यासाठीच तर अर्जाची सोय ठेवली आहे," अध्यक्ष म्हणाले आणि अर्ज नामंजूर केला.

बियाजोने ऐकलं आणि ढोलासारखा हसला. "गाढवा, इथे जिवंत माणसाची धून कोण वाजवणार? आधी मर, नाहीतर तिला तरी म्हातारी कर. आण तो कागद माझ्याकडे."

जुन्या जमाखर्चाच्या वहीतलं कोरं पान, पातळ शाई, वर कॉफीचे दोन डाग. मग पाव काढून झाल्यावर कोमट भट्टीत अर्धा तास. कागद असा खमंग म्हातारा झाला की सावेरिओलाच त्याला नमस्कार करावासा वाटला. वर त्याने लिहिलं, "नाताच्या आठवणीत." दोघांनी तो चर्चच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या थोटकांमागे सरकवला. आठवड्याने तो "सापडला."

समितीत आनंदाचं भरतं आलं. शहरातून तज्ज्ञ आले. त्यांनी भिंग लावून डाग पाहिले आणि ते पटकीच्या साथीतल्या औषधाचे असल्याचा निर्वाळा दिला. औषध म्हटल्यावर अध्यक्षांचे डोळे पाणावले. त्यांचे पणजोबा एलिजिओ औषधवाले होते, लढाईत पायाला गोळी लागून लंगडत होते, आणि घरात शिट्टी वाजवत असत. रचनाकार सापडला! धुनेतल्या अडखळण्याचा उलगडाही झाला. नाव ठरलं: 'वीराचा पाय'. राहिला "नाताच्या आठवणीत" हा मजकूर. कुणा खोडसाळाने तो मागाहून घुसडला आहे, असा तज्ज्ञांचा अभिप्राय पडला. कागदावर खरं होतं तेवढंच पात्याने खरवडून काढण्यात आलं.

नियम सातची अडचण म्हाताऱ्या अन्नुन्झियाता मावशींनी दूर केली. "माझी आजी मला हीच धून गाऊन झोपवायची," त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यांच्या पाठोपाठ गावातल्या अकरा आज्या एकदम आठवल्या.

गुड फ्रायडेला धून वाजली. मूर्ती वाहणारे आठ जण तिच्यावर असे डुलले की मूर्तीच चालतेय असं वाटावं. ठक्... सर्रर्र. बाया हुंदके देत होत्या, पुरुषांच्या टोप्या छातीवर होत्या. खिडकीखाली बँडप्रमुख ओरडला, "वीराचा पाय! एलिजिओंच्या पवित्र आठवणीत!"

सावेरिओच्या तोंडातून क्लॅरिनेट निसटलं. "नाताचा! हा पाय माझ्या नाताचा आहे!"

"श्श!" अख्खा रस्ता म्हणाला.

चौकशी बसली. सावेरिओने धून पाठ वाजवून दाखवली.

"आता सगळ्या गावालाच पाठ आहे," अध्यक्ष म्हणाले. "तू मागे का राहशील?"

त्याने फेस वाळलेले सगळे कागद टेबलावर ओतले. तज्ज्ञांनी ते मूळ प्रतीशी ताडून पाहिले. "मूळ प्रतीत एकही खाडाखोड नाही. इथे पानोपानी आहे. थोर रचनाकार खोडत नाही. खोडतो तो नक्कल करणारा. शिवाय नक्कल साबणाने बरबटलेली आहे."

"बियाजोला विचारा! त्याच्या भट्टीत तो कागद भाजलाय!"

बियाजोने खाली पाहिलं. सणाचे पाव समिती त्याच्याकडून घेत असे. "माझ्या भट्टीत फक्त पाव भाजतात," तो म्हणाला. त्यानंतर तो दाढी शेजारच्या गावात करू लागला.

निकाल लागला: सावेरिओने एलिजिओंच्या तसबिरीपुढे माफी मागावी, इतक्या थोर धुनेत भावनेच्या भरात वाहवत जाणं स्वाभाविक असल्याने क्लॅरिनेट मात्र काढून घेऊ नये. बाहेर पडताना अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, मास्तर. तूही एखादी रच की. पण अशी हवी. अशी काळजातून."

आता दर गुड फ्रायडेला तोरेसाल्दात 'वीराचा पाय' वाजतो. पोरींना ती चाल शाळेत शिकवतात: डावा पाय ठेवायचा, उजवा ओढायचा. जे गाव तिला जन्मभर लंगडी म्हणालं, ते वर्षातून एक दिवस तिच्या चालीने चालतं आणि ढसाढसा रडतं.

तुम्हीही या. न्हाव्याच्या दुकानासमोर जागा चांगली मिळते. धून सुरू झाली की तुमचेही डोळे भरतील, आणि त्याच वेळी बँडमधला एक म्हातारा क्लॅरिनेट खाली करून तुमच्याकडे पाहत काहीतरी सांगू लागेल. तुम्ही चांगली माणसं आहात, तुम्हाला संगीत कळतं.

तुम्ही त्याला "श्श" म्हणाल.